सगळे गड तोंडपाठ, पण 'किरण' लिहिता येत नाही

मुक्ता_धायरी · सोमवार, रात्री ११:१०

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मुलगा साडेआठ वर्षांचा, तिसरीत, सेमी इंग्रजी. बोलायला बसला की थांबत नाही. सिंहगडाच्या लढाईत कोण कुठून चढलं, दोर कुणी कापला, सगळं हातवारे करून सांगतो. राजगडाच्या तिन्ही माच्या त्याला पाठ आहेत. मागच्या रविवारी आम्ही राजगडावरच होतो. पाली दरवाजातून वर गेलो, एका पाटीवर माच्यांची नावं बाणासकट लिहिली होती. सहज म्हटलं, यात संजीवनी कुठंय दाखव. सापडेना. शेजारी उभी असलेली पहिलीतली मुलगी पटकन वाचून गेली. हा मान खाली घालून बुटाची लेस सोडत आणि बांधत बसला. खाली उतरेपर्यंत एक शब्द बोलला नाही.

श्रुतलेखनात दहापैकी दोन, फार तर तीन. 'किरण'चं 'करिण' होतं, 'पुस्तक'चं 'पुतस्क', 'शब्द'चा 'श्बद'. इंग्रजीत बी आणि डी एकमेकांच्या जागी. फळ्यावरचं उतरवताना बाई पुसायला येईपर्यंत दीड ओळ झालेली असते. पाठ केलेला शब्द रात्री बरोबर लिहितो, सकाळी तोच शब्द नवीन असल्यासारखा बघतो. शाळेच्या डायरीत या सहामाहीत तीनदा लाल शाईत शेरा आला, 'लक्ष देत नाही, आळस करतो.' आता सकाळी सातला पोट दुखतं. रविवारी दुखत नाही.

सासूबाई म्हणतात मोबाईल बंद करा. नवरा म्हणतो, मीही असाच होतो, मोठा झाल्यावर होतं सगळं सुरळीत. तो इलेक्ट्रिकलची कामं घेतो, हिशोब तोंडी पक्का, त्याच्याकडे बघितलं की वाटतं खरंच होत असेल सुरळीत. शाळेतल्या एक बाई मात्र मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, 'एलडी आहे का ते बघून घ्या.' हे काय असतं, कुठून सुरू करू? रागावू नका, पण आधी मीच त्याला दोनदा मारलंय.

---

चहाबाज · सोमवार, रात्री ११:४२

वाचतोय. जाणकार येतीलच. पोटदुखी खरी असते एवढं मात्र लक्षात ठेवा, नाटक म्हणू नका. भाचीच्या वेळी आम्ही म्हटलं होतं.

---

अनुस्वार · मंगळवार, सकाळी ६:५५

मुक्ताताई, मी विशेष शिक्षिका आहे, चौदा वर्षं याच मुलांबरोबर काम करते. एलडी म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी, बुद्धी चांगली असूनही वाचणं, लिहिणं किंवा गणित शिकायला अडणं; त्यातल्या वाचनाच्या अडचणीला डिस्लेक्सिया म्हणतात. धाग्यावरून निदान होत नाही, तेव्हा मी काही ठरवून सांगणार नाही. पण तुम्ही चुका फार नीट टिपल्या आहेत, तपासणीला जाताना त्या वह्या अशाच घेऊन जा. नवी कोरी वही नको, लाल शेऱ्यांची हवी.

'करिण' कसं होतं बघा. आपण 'कि' म्हणताना आधी क बोलतो, मग इ. लिहिताना वेलांटी आधी येते. बोलायचा क्रम एक आणि डोळ्यांना दिसणारा क्रम दुसरा. बहुतेक मुलं हे कधी शिकली तेही विसरून जातात. ज्याला शब्दातले आवाज सुटे करायलाच कष्ट पडतात, त्याच्या हातून वेलांटी मिळेल त्या अक्षरावर बसते. 'पुस्तक'मध्ये स अर्धा आहे, तो नक्की कुणाच्या आधी ऐकू येतो हे त्याला पटकन कळत नाही. म्हणजे गडबड डोळ्यांत नसते. आवाज आणि खूण यांची गाठ बसायला वेळ लागतो.

आणि आपला र! 'सूर्य'मध्ये डोक्यावर, 'प्रकाश'मध्ये पायात तिरका, 'ट्रक'मध्ये खाली टोपीसारखा, 'दुसऱ्या'मध्ये आणखी वेगळा. माझ्याकडचा एक मुलगा म्हणायचा, 'टीचर, हा र चोर आहे, सारखे वेष बदलतो.' च आणि जचंही तेच. 'चार आणे'मधला चार आणि 'गाय चार'मधला चार एकसारखे लिहितो, बोलतो वेगळे. इंग्रजीच्या मानाने मराठी 'जसं बोलतो तसं लिहितो' हे खरं, म्हणून मराठीत चुका कमी दिसतात. पण मग अडचण वेगात दिसते. मूल बरोबर वाचतं पण रांगत वाचतं, आणि वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेलं असतं. पालकांना वाटतं, वाचता तर येतंय.

बोलणं माणसाला आपोआप येतं. लिपी जेमतेम पाच हजार वर्षांची, ती प्रत्येक पोराला नव्यानेच शिकावी लागते. कुणाचा मेंदू ती वाट चटकन पाडतो, कुणाला मुद्दाम, एकेक दगड रचून पाडून द्यावी लागते. बुद्धीशी याचा संबंध नाही. तुमचा मुलगा लढाई क्रमवार सांगतो ना, तिथे सगळं दिसलंच.

सुरुवात कान आणि डोळे तपासण्यापासून करा. हसू नका, दोन मुलं माझ्याकडे अशी आली होती की त्यांना नुसता चष्मा हवा होता. मग मानसशास्त्रज्ञाकडे बुद्ध्यांक आणि वाचन-लेखन-गणिताची चाचणी. ती मराठीतही घ्यायला सांगा. नुसत्या इंग्रजी चाचणीवर घाईने शिक्का मारून घेऊ नका, घरात मराठी असलेलं मूल इंग्रजीत अडखळणारच. मराठीत साधनं आहेत. बुद्धिमापनाची कामत चाचणी तर मुळात मराठी आणि कन्नडमध्येच १९३० च्या दशकात बसवलेली. हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' नावाची वाचनाची चाचणी केली, ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आहे.

एक विचारायचं होतं. घरात आणखी कुणाला वाचायचा त्रास होता का? हे रक्तातून येतं बऱ्याचदा.

---

पेठेतले_आजोबा · मंगळवार, सकाळी ९:२०

क्षमा करा, पण आमच्या वेळी असलं काही नव्हतं. रोज एक पान शुद्धलेखन, संध्याकाळी पर्वचा, चूक झाली की दहादा लिही. आमच्या वर्गातले सगळे शिकले. आता प्रत्येक गोष्टीला इंग्रजी नाव आणि हजारांत फी.

---

लेथवाला · मंगळवार, दुपारी १:३५

काका, तुमच्या वर्गातले सगळे शिकले म्हणता. पहिल्या बाकापासून मोजलेत का? मी तुमच्या वर्गाच्या शेवटच्या बाकावर होतो असं समजा.

आमच्या वेळीही होतं, फक्त नाव मराठी होतं. 'ढ'. ब्राह्मी लिपीपासून आजपर्यंत सगळी अक्षरं बदलली, ढ तेवढा बदलला नाही, म्हणून पुढे न सरकणाऱ्याला ढ म्हणतात, असं आमच्याच गुरुजींनी सांगितलं होतं. मला उभं करून.

दहादा लिहायची शिक्षा मला रोज असायची. चुकीचा शब्द दहादा चुकीचाच लिहायचो, दहाव्यांदा तर अकरावाच काहीतरी शब्द तयार व्हायचा. दहावीला मराठी आणि इंग्रजी दोन्हीत गेलो. भोसरीत मामाच्या वर्कशॉपला लागलो. ड्रॉइंग हातात घेतलं की जॉब डोळ्यापुढे फिरवून बघता येतो मला, चारही बाजूंनी. आज स्वतःची तीन मशीन आहेत. कोटेशन मात्र अजून बायको वाचते. बँकेत गेलो की चष्मा घरी राहिला सांगतो. एकोणपन्नास वर्षांचा आहे आणि चष्मा मला लागतच नाही.

हा मजकूर मोबाईलवर बोलून लिहिलाय. चुका असतील तर त्या मोबाईलच्या. 🙂

---

पेठेतले_आजोबा · मंगळवार, दुपारी ४:०५

शेवटचा बाक मोजला नव्हता, हे खरं. आमच्या वर्गात एक होता, तुळशीबागेत वडिलांचं भांड्यांचं दुकान होतं. चौथीनंतर आला नाही. कुणी विचारलंही नाही. तुमचं वाचून आठवला.

---

जिप_गुरुजी · मंगळवार, रात्री ९:१५

हवेली तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत आहे. अनुस्वारताईंशी सहमत, पण एक बाजू राहतेय. वाचता न येणारं प्रत्येक मूल एलडी नसतं. माझ्या वर्गात ऊसतोडीला गेलेल्यांची मुलं असतात. दिवाळीनंतर जातात, चैत्राच्या आसपास परत. अर्धं वर्ष शाळाच नाही, त्याला अक्षर कुठून येणार? त्याला शिकवलं की तीन महिन्यांत भरभर येतं. तोच फरक आहे. नीट, रोज, समोर बसवून शिकवूनही गाडी तिथेच रुतते तेव्हा मला शंका येते. शहरात उलटं बघतो, मराठी माध्यमातून एकदम इंग्रजीत टाकलेल्या पोराला दोन महिन्यांत एलडी ठरवून मोकळे.

आणि पहिली-दुसरीत अक्षरं उलटी लिहिली म्हणून घाबरू नका कुणी. ३ उलटा काढणारी निम्मा वर्ग असतात. सातव्या वर्षापर्यंत चालायचंच.

शिक्षकांवर राग काढू नका एवढी विनंती. डीएडला आम्हाला या विषयाचा एक धडा होता, परीक्षेपुरता. चाळीस पोरं, एक फळा. शेरा लिहायला एक मिनिट लागतं, कारण शोधायला वर्ष.

---

आर्याची_आई · बुधवार, सकाळी १०:३०

आमचं दुकान वेगळं, आकड्यांचं. लेक वाचते झकास, पण पाचवीतही सात मोठा की नऊ, बोटं मोजून सांगायची. घड्याळ येत नाही, सुट्टे पैसे येत नाहीत. डिसकॅल्क्युलिया.

मराठी आकडे हा आमच्या घरात रडारडीचा विषय. त्रेपन्न ऐकलं की ती ३५ लिहायची, कारण कानावर 'तीन' आधी येतो आणि 'पन्नास' नंतर. एकोणसाठमध्ये साठ ऐकू येतं, म्हणून ६९. इंग्रजीत फिफ्टी-थ्री म्हटलं की निदान क्रम सरळ. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतोय? गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर समजावून सांगत होत्या की लहान मुलांना जोडाक्षरी आकडे अवघड जातात, जुने शब्द काढलेले नाहीत, सोबतीला नवे दिलेत. लोकांनी टीव्हीवर भाषा बुडवली म्हणून गळे काढले, व्हॉट्सॲपवर विनोद फिरले. मीही एक फॉरवर्ड केला होता. लेक तेव्हा बालवाडीत होती. आता तिला मी रोज 'पन्नास तीन' म्हणूनच सांगते.

---

जागृती_क्लासेस · बुधवार, दुपारी १२:००

चिंता नको! डोळ्यांचे विशेष व्यायाम, रंगीत काचा व मेंदू-जागृती कोर्स. ४० दिवसांत डिस्लेक्सिया मुळापासून दूर. मुले डोळ्यांवर पट्टी बांधून वाचतात! व्यक्तिगत निरोप करा.

---

अनुस्वार · बुधवार, दुपारी १२:२५

संपादक मंडळ, वरचा प्रतिसाद उडवा.

मुक्ताताई, असले फोन तुम्हाला येतीलच, नंबर कुठून मिळतो देव जाणे. डिस्लेक्सिया हा डोळ्यांचा आजारच नाही. डोळ्यांच्या व्यायामांनी किंवा रंगीत काचांनी तो जातो याला शास्त्रीय आधार नाही, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये एकत्र निवेदन काढून सांगितलंय. पट्टी बांधलेली मुलं नाकाच्या फटीतून बघतात, कुठल्याही लहान पोराला विचारा. उघड्या डोळ्यांनी वाचताना त्रास होणाऱ्या मुलाला पट्टी बांधायची, हा विनोद त्यांना स्वतःला कसा कळत नाही कोण जाणे.

---

जुनी_कात्रणं · बुधवार, रात्री १०:५०

थोडं अवांतर, पण इथे शोभेल. डिस्लेक्सिया हा शब्द १८८७ चा, रूडॉल्फ बर्लिन नावाच्या जर्मन डोळ्यांच्या डॉक्टरचा. सुरुवात डोळ्यांच्या डॉक्टरांकडून झाली, म्हणून तो डोळ्यांचा समज अजून जात नाही. पुढे १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश डॉक्टरने ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये चौदा वर्षांच्या पर्सीची हकिगत छापली. हुशार, खेळात कुणाला हार न जाणारा, पण वाचता येईना. स्वतःचं नाव लिहिताना मधली अक्षरं उलटापालट करायचा. त्याचे मास्तर म्हणाले होते, सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेत सगळ्यांत हुशार ठरला असता.

मुक्ताताईंच्या राजगडाची गोष्ट वाचली आणि पर्सीच आठवला.

---

फाइलवाला_बाबा · गुरुवार, सकाळी ८:१०

कागदपत्रांचा भाग मी सांगतो, तीन वर्षं तेच केलंय.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' येते. दाखल्याची पद्धत जानेवारी २०१८ च्या राजपत्रात आली, मार्च २०२४ मध्ये ती सुधारून पुन्हा काढली. २०१८ च्या पद्धतीत बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेची चाचणी वापरायची होती. आठ वर्षांच्या आत दाखला नाही, नंतर १४ आणि १८ ला पुन्हा तपासणी, असं तेव्हा होतं; आताचं विचारून घ्या. तुमचा मुलगा वयात बसतो. खाजगी रिपोर्ट शाळेत शिकवण्याच्या कामाला येतो, बोर्डाला सरकारी दाखलाच लागतो. अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर. आमचं कुठे अडलं ते लिहीत नाही, एवढंच सांगतो की आधार, जन्मदाखला आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव एका वेलांटीनेही वेगळं असेल तर आधी ते सुधारून घ्या. वेलांटीसाठीच सगळं चाललंय आणि आम्ही वेलांटीतच अडकलो होतो.

महाराष्ट्रात दहावीला अशा मुलांना सवलती १९९६ पासून आहेत, म्हणजे कायद्याच्या वीस वर्षं आधी. जादा वेळ, लेखनिक, गणिताला कॅल्क्युलेटर, शुद्धलेखनाचे गुण न कापणं. त्या वर्षीचं बोर्डाचं परिपत्रक बघून शाळेकडून वेळेत पाठवून घ्या, फेब्रुवारीत धावू नका. लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो आणि त्याच्याबरोबर सराव लागतो. माझ्या मुलाने पूर्वपरीक्षेत उत्तरं एवढ्या वेगाने सांगितली की लेखनिक रडकुंडीला आला.

मुलाला काय सांगायचं हा प्रश्न पडेलच. आम्ही लपवलं. त्याने कपाटातली फाइल काढून एकेक अक्षर लावत वाचली आणि 'अक्षमता' शब्दावर बोट ठेवून विचारलं, हे मी का? तुम्ही आधीच सांगा.

---

चहाबाज · गुरुवार, सकाळी ८:४०

मला तो 'अक्षमता' शब्दच पटत नाही. जोडाक्षर आणि अपमान एकाच शब्दात.

---

अनुस्वार · गुरुवार, दुपारी ३:३०

शब्द मलाही आवडत नाही, पण कागदावर तोच चालतो, आणि कागदामुळे परीक्षेला तासामागे वीस मिनिटं जास्त मिळतात. घरात हवं ते म्हणा.

तपासणीची तारीख मिळेपर्यंत घरी काय करता येईल ते सांगते. दहादा लिहून घेणं आजपासून बंद. ताटात रवा किंवा बारीक वाळू घ्या, आपली जुनी धूळपाटीच. एक अक्षर, मोठ्याने आवाज काढत, बोटाने गिरवायचं. कान, डोळा आणि हात एकदम कामाला लागले पाहिजेत. अमेरिकेत ऑर्टन आणि गिलिंगहॅम यांनी जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी बसवलेली पद्धत याच तत्त्वावर चालते. दिवसाला पंधरा मिनिटं, सोळावं नाही. गाडीवरून जाताना तोंडी खेळ खेळा, 'पाणी'तला पा काढला तर काय उरतं, 'कमळ'च्या शेवटी कुठला आवाज. लिहिणं नको, नुसतं बोलणं. आणि गोष्टी वाचून दाखवणं थांबवू नका. तो वाचू शकत नाही म्हणून त्याच्या कानावर पुस्तकं पडायची थांबली तर शब्दांचा साठा मागे पडतो, ते नुकसान जास्त मोठं.

शाळेत एवढंच मागा. फळ्यावरचं उतरवून घेण्याऐवजी झेरॉक्स, वर्गासमोर मोठ्याने वाचायला लावायचं नाही, काही उत्तरं तोंडी. शांतपणे, लेखी, पोच घेऊन.

---

मुक्ता_धायरी · रविवार, रात्री १०:२०

सगळ्यांचे आभार. कान-डोळे झाले, दोन्ही ठीक. मानसशास्त्रज्ञांची वेळ पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारची मिळालीय. बाईंना झेरॉक्सचं विचारलं, त्या म्हणाल्या, मीच पाठवत जाईन. मुख्याध्यापकांना पत्र दिलं, पोच घेतली. रवा दोन दिवसांत घरभर झाला, सासूबाईंनी वैतागून गॅलरीत वाळूचा ट्रे आणून ठेवला आणि आता त्याच त्याच्याशी 'पाणी'तला पा काढत बसतात. अनुस्वारताई, तुमची र चोर असल्याची गोष्ट त्याला सांगितली. घरातल्या सगळ्या पेपरांतले र पेन्सिलने गोल करून पकडलेत, कोपऱ्यात मोठ्ठं 'कैद' लिहायला मला लावलं.

एक लिहू की नको, दोन दिवस विचार करत होते. ताईंनी विचारलं होतं, घरात आणखी कुणी. मी मनात 'नाही' म्हणून सोडून दिलं होतं. शुक्रवारी रात्री लेथवाला दादांचा प्रतिसाद ह्यांच्यापुढे धरला, म्हटलं बघा जरा. फोन हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि परत दिला. म्हणाले, 'तूच वाच, माझे डोळे दमलेत.' अकरा वर्षं झाली लग्नाला. एमएसईबीचे फॉर्म मी भरते, टेंडर मी वाचते, पेपर त्यांना मी चहाबरोबर वाचून दाखवते आणि मला वाटायचं ही आमची लाडाची सवय आहे.

वाचून दाखवलं. चष्म्याचं वाक्य आलं तेव्हा हसले. मग म्हणाले, तारखेला मीपण येतो.

---

लेथवाला · रविवार, रात्री १०:४१

वहिनी, साहेबांना म्हणावं भोसरीकडे काम निघालं की वर्कशॉपला या. पॅनलचं थोडं काम आहेच माझ्याकडे. पत्ता लिहून पाठवत नाही, फोनवर सांगतो.